जुम्म्याचं बयान आणि घरातली मुलं: आईवडिलांचे हक्क कसे समजावून सांगाल?

आईवडिलांचे हक्क हा जुम्म्याच्या बयानाचा ठरलेला विषय आहे. वर्षातून दोनचारदा तरी तो मिंबरावर येतोच आणि दर वेळी पाठोपाठ त्याच शंका कानावर येतात. मुलगा मराठी शाळेत जातो, उर्दूतलं निम्मं त्याच्या डोक्यावरून जातं, त्याला काय सांगू? मुलगी विचारते, अब्बू चुकले तरी गप्पच बसायचं का? सासूसासऱ्यांची खिदमत सुनेवर फर्ज आहे का? मुलगा बघत नाही, त्याला आक केलं, म्हणजे वारसातून काढून टाकलं, तर चालेल का?

घरी मुलं आहेत, वर म्हातारे आईवडील आहेत आणि मधे तुम्ही आहात, अशा वाचकांसाठी हा लेख आहे. बयानात जे बोललं जातं त्याची भाषा कशी चालते, ती मुलांपर्यंत कशी न्यायची, कुठे थांबायचं आणि गरज पडली तर कायदा कुणाच्या बाजूनं उभा राहतो, एवढंच यात आहे.

बयान कुणाशी बोलतंय, ते आधी पाहा

खतीब या विषयावर सर्वांत जास्त वेळा वाचतात त्या आयती सूरह बनी इस्राईलमधल्या, २३ आणि २४. सुरुवातीची आज्ञा सगळ्यांना मिळून, अनेकवचनात आहे: इबादत फक्त अल्लाहची, आणि आईवडिलांशी भलं वागणं. लगेच पुढे बोलणं एकवचनावर येतं. दोघांपैकी एक किंवा दोघंही तुझ्यापाशी असताना म्हातारे झाले तर कसं बोलायचं, कसं वागायचं, हे एकेकाला वेगळं गाठून सांगितलं आहे. सूरह अहकाफच्या १५व्या आयतीत आईचे कष्ट, गरोदरपण आणि दूध तोडेपर्यंतचे तीस महिने येतात, आणि मग माणूस चाळीस वर्षांचा होतो तेव्हा त्यानं कोणती दुआ मागावी ते येतं. वय नाव घेऊन सांगितलं आहे, चाळीस. सहीह मुस्लिममधली प्रसिद्ध हदीस घ्या, आईवडील म्हातारपणी हाती लागूनही ज्यानं जन्नत कमावली नाही त्याचं नाक मातीत जावो, असं तीनदा सांगणारी. तीही म्हाताऱ्या आईवडिलांच्या मुलाबद्दलच आहे.

हे सगळं बोलणं पहिल्यांदा तुमच्याशी आहे. बारा वर्षांच्या मुलाचे आईवडील पस्तीस-चाळिशीतले, हिंडतेफिरते असतात. त्या मुलाला या आयतींचा अर्थ कळतो तो तुम्ही तुमच्या अम्मीशी फोनवर कोणत्या आवाजात बोलता त्यावरून. म्हणून बयान ऐकून घरी आल्यावर पहिला प्रश्न मुलाला विचारू नका, स्वतःला विचारा: या आठवड्यात मी माझ्या आईवडिलांसाठी काय केलं?

सूरह लुकमान मात्र लहान मुलांच्या फार जवळची आहे. लुकमान आपल्या मुलाला उपदेश करतात आणि तीन वेळा त्याला लाडानं, आपण 'बाळा' म्हणतो तशी हाक मारतात. पण त्यात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. आईवडिलांचे उपकार माना, हे सांगणाऱ्या १४ आणि १५ या आयती लुकमानांच्या तोंडी नाहीत. बहुतेक भाष्यकारांच्या मते तिथे बापाचं बोलणं मधे थांबतं आणि अल्लाह स्वतः बोलतो, मग बाप पुन्हा बोलू लागतो. म्हणजे बाप मुलाला नमाज सांगतो, सबर सांगतो, चालण्याबोलण्याची रीत सांगतो. स्वतःचे हक्क स्वतः मागत नाही.

घरासाठी यातून एक सरळ नियम निघतो. 'मी तुझा बाप आहे, माझं ऐकलंच पाहिजेस,' हे बापानं म्हणू नये. आईचे हक्क बापानं सांगावेत, बापाचे आईनं, आजीचे दोघांनी मिळून. याच उपदेशाचा शेवटही विसरू नका: आवाज खाली ठेव, असं लुकमान मुलाला सांगतात. ते सांगताना आपला स्वतःचा आवाज चढलेला असेल, तर मुलाला ते चटकन कळतं.

मशिदीत मुलाच्या कानावर नेमकं काय पडतं

आपल्याकडे बहुतेक हनफी मशिदींत जुम्म्याला आधी उर्दूत बयान होतं, मग अजान आणि अरबीतला खुतबा. खुतब्याचे दोन भाग असतात, त्यांच्यामध्ये खतीब थोडा वेळ बसतात. कोकणात शाफई पद्धत जास्त आहे, तिथेही खुतब्याचे मूळ भाग अरबीतच होतात. अहले हदीस मशिदींत खुतबाच लोकांच्या भाषेत दिला जातो. यातून तीन गोष्टी लक्षात ठेवा:

- अहले हदीस मशिदी सोडल्या तर समजण्याजोगा भाग बयानाचा आहे. खुतबा सुरू होताना धावतपळत पोचणाऱ्या मुलाला त्यातलं काहीच मिळत नाही. त्याला बयानाच्या आधी न्या.
- खुतबा चालू असताना बोलायचं नसतं. शेजाऱ्याला 'चूप' म्हणणंही हदीसमध्ये मना आहे. अर्थ सांगायचा तो घरी.
- आपल्याकडच्या पुष्कळ मशिदींत बायकांसाठी जागा नाही. घरातल्या आया आणि मुली बयान ऐकतात ते पुरुषांच्या तोंडून, नाहीतर मोबाइलवरच्या दोन मिनिटांच्या तुकड्यातून. आणि तुकडा बहुधा रडवणारा भागच असतो, त्याच्या आधीचं-नंतरचं गळून गेलेलं असतं. जुम्म्याहून आल्यावर घरातल्या सगळ्यांसमोर पूर्ण बयानाचा सारांश सांगणं, ही पुरुषांनी आपली जबाबदारी समजावी.

बयानाची भाषा कशी चालते

मौलाना एकच गोष्ट पाच तऱ्हांनी सांगतात. त्या तऱ्हा ओळखता आल्या, की घरी कोणती वापरायची आणि कोणती नाही हे ठरवता येतं.

जोडून सांगणं. तौहीद आणि आईवडील एकाच दमात येतात. बनी इस्राईलमध्ये येतात तसेच सूरह बकरा ८३, निसा ३६ आणि अनआम १५१ मध्येही. हे ऐकणाऱ्याला विषयाचं वजन कळतं. मुलांना एवढं सांगा, की नमाज आणि अम्मीशी नीट बोलणं या वेगवेगळ्या वहीत लिहायच्या गोष्टी नाहीत.

सर्वांत लहान गोष्टीला मनाई. मारू नका, घराबाहेर काढू नका, असं बनी इस्राईलची २३वी आयत म्हणत नाही. ती 'उफ्' या एका उद्गारावर बोट ठेवते. कंटाळ्याचा तो एवढासा आवाजही चालत नाही म्हटल्यावर पुढचं सगळं आपोआप मना झालं. मुलांना ही तऱ्हा पटकन कळते, कारण तो आवाज त्यांच्या ओळखीचा आहे. आजी तिसऱ्यांदा तेच विचारते तेव्हा तोंडातून निघणारा 'च्च', डोळे फिरवणं, मोबाइलवरून मान न उचलता दिलेलं 'हं'. यातलं आपल्या घरात काय काय होतं याची यादी मुलांनाच करायला सांगा. मोठ्यांची नावंही त्या यादीत येऊ द्या.

तीनदा म्हणणं. माझ्या चांगल्या वागण्यावर सर्वांत जास्त हक्क कुणाचा, असं एका माणसानं विचारलं. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तीनदा आईचं नाव घेतलं आणि चौथ्यांदा बापाचं. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. तिची सगळी ताकद प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्यात आणि उत्तर पुन्हा तेच येण्यात आहे. म्हणून ती समजावत बसू नका, दोन मुलांकडून सवालजवाब करून घ्या. सहा वर्षांच्या मुलाच्याही ती तोंडी बसते.

चित्र. बनी इस्राईलच्या २४व्या आयतीत आईवडिलांसमोर नम्रतेचा पंख खाली करण्याची गोष्ट आहे. कोंबडी पिल्लांवर पंख पसरते हे गावाकडच्या मुलांनी पाहिलेलं असतं, तेव्हा वेगळा उलगडा लागत नाही. इथे मात्र पंख मुलाचा आहे आणि त्याखाली थकलेले आईवडील आहेत, ही अदलाबदल आवर्जून दाखवा.

गोष्ट. बुखारी आणि मुस्लिममधली गुहेत अडकलेल्या तिघांची गोष्ट जवळजवळ प्रत्येक बयानात येते. पावसामुळे तिघं गुहेत शिरतात, तोंडावर दगड येऊन पडतो आणि प्रत्येक जण आपलं एकेक निखळ काम आठवून दुआ मागतो. पहिला गुराखी. त्याला एके दिवशी परतायला उशीर झाला, आईवडील झोपून गेले होते. त्यांना उठवणं त्याला बरं वाटेना आणि त्यांच्या आधी पोरांना दूध देणंही. पोरं पायांशी रडत होती आणि तो दुधाचं भांडं घेऊन पहाटेपर्यंत तसाच उभा राहिला.

ही गोष्ट सांगितलीत, की आजची मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: लहान पोरांना उपाशी ठेवणं बरोबर आहे का? त्यांना दटावू नका. जुन्या भाष्यकारांनीही हा प्रश्न घेतला आहे. तुम्ही सांगा, की ही त्या माणसानं स्वतःच्या एका रात्रीची सांगितलेली हकीकत आहे, पोरांना उपाशी ठेवा असा हुकूम त्यात नाही. आईवडिलांना मागे ढकलायचं नाही, हा त्याच्या मनातला हेतू कबूल झाला. मूल विचारतं आहे याचा अर्थ ते ऐकत होतं.

याशिवाय जन्नतची आशा आणि जहन्नमची भीती असतेच. तिच्याबद्दल पुढे.

घरी आल्यावर

१. त्याच दिवशी, जेवणावर, दहा मिनिटं काढा. 'काय शिकलास?' असं विचारलंत तर मूल परीक्षा दिल्यासारखं उत्तर देतं. 'मौलानांनी आज कुणाची गोष्ट सांगितली?' असं विचारा.

२. अडलेले शब्द मराठीत सांगा. वालिदैन म्हणजे आईवडील, हुकूक म्हणजे हक्क, हुस्ने सुलूक म्हणजे चांगली वागणूक, खिदमत म्हणजे सेवा, नाफरमानी म्हणजे सांगितलेलं न ऐकणं. मराठी शाळेतल्या मुलाला एवढी शिदोरी पुष्कळ दिवस पुरते. उर्दू येत नाही म्हणून मुलाला कमी लेखू नका. दीन त्याला मराठीतही तितकाच कळतो.

३. त्या आठवड्यासाठी एकच काम ठरवा, डोळ्यांना दिसेल असं. दादीच्या गोळ्या सकाळ-दुपार-रात्रीच्या डब्यांत लावून देणं. नानांचा मोबाइल रिचार्ज करून त्यांना स्वतःहून फोन करणं. वजूच्या वेळी आजोबांच्या हाताशी पाणी आणि खुर्ची नेऊन ठेवणं. 'सगळ्यांशी चांगलं वागेन' हे काम धरू नका, ते कधी झालं आणि कधी राहिलं हे कुणालाच कळत नाही.

४. बनी इस्राईलच्या २४व्या आयतीच्या शेवटी आईवडिलांवर रहम मागणारी दुआ आहे, लहानपणी त्यांनी वाढवलं त्याची आठवण देऊन मागितलेली. ती अर्थासह पाठ करून घ्या. दुआ मागताना तुम्ही तुमच्या आईवडिलांची नावं मोठ्यानं घ्या, मुलाला ऐकू जाऊ द्या.

वयाप्रमाणे काय निवडाल

- आठ वर्षांपर्यंत: सवालजवाबाची हदीस, पंखाचं चित्र, लुकमानांची हाक. जहन्नम, बददुआ, मरणाच्या वेळचे हाल, यातलं काही नको.
- नऊ ते तेरा: गुहेची गोष्ट, 'उफ्'ची यादी. सूरह मरियममध्ये इब्राहीम (अ.) आपल्या मूर्तिपूजक बापाशी बोलतात तो भागही याच वयाचा. चार आयतींत चार वेळा ते त्याला लडिवाळ हाकेनं 'अब्बा' म्हणतात. मतभेद टोकाचा आहे, पण जीभ मऊ आहे. वाद घालण्याचं वय सुरू होतं तेव्हा हे कामी येतं.
- चौदाच्या पुढे: हद्दीचे प्रश्न उघडपणे बोला. शिक्षण, मित्र, लग्न, पैसे. या वयात नुसतं बयान चालत नाही. सूरह साफ्फातच्या १०२व्या आयतीत इब्राहीम (अ.) कुर्बानीचा एवढा मोठा हुकूम मुलाला सांगताना, तुला काय वाटतं ते बघ, असं त्यालाच विचारतात. तुम्हीही विचारा.

इथे घसरगुंडी होते

बयानात सांगितलेली प्रत्येक गोष्ट सारख्याच पक्क्या पायावर उभी नसते. दोन उदाहरणं तुम्ही नक्की ऐकली असतील.

पहिलं अलकमाचं. तरुण मरणाला टेकलेला, तोंडातून कलमा निघत नाही, कारण आई नाराज आहे; पुढे लाकडं गोळा करून त्याला जाळण्याची तयारी, मग आईचं काळीज द्रवतं. ऐकणारे ओक्साबोक्शी रडतात. पण हदीसतज्ज्ञांनी ही रिवायत अत्यंत कमकुवत ठरवली आहे, काहींनी तर बनावट. मुलांना ती सांगू नका. आई रागावली की आपण कलम्याविना मरू, अशी भीती घेऊन झोपणारी मुलं मला माहीत आहेत, आणि ती भीती आईवरचं प्रेम वाढवत नाही.

दुसरं, जन्नत आईच्या पायांखाली आहे हे वाक्य. या रूपात ते कमकुवत मानलं जातं, पण आशय निराधार नाही. लढाईवर निघालेल्या एका माणसाला प्रेषितांनी (स.) आईपाशीच राहायला सांगितलं, तिच्या पायांपाशी जन्नत आहे म्हणून, ही रिवायत नसाईमध्ये आहे. ती मुलांना सांगताना प्रसंगासकट सांगा. लढाईवर निघण्याचा विचार, आणि मग आईपाशी राहण्याचा सल्ला. मुलगे हे कान देऊन ऐकतात.

आणखी काही चुका, ज्या आपल्या घरांत रोज होतात:

- बददुआची धमकी. 'माझी हाय लागेल' हे वाक्य घरातून काढून टाका. आईवडिलांची दुआ कबूल होते असं सांगणाऱ्या हदीसचा उपयोग दुआ देण्यासाठी करा.
- 'उफ्'चा लगाम तक्रारीला लावणं. मूल दुखणं, भीती, कुणाचा नकोसा स्पर्श, शाळेतली मारहाण सांगू पाहतं आणि आपण त्याला उलट बोलण्यात जमा करतो. त्रास सांगणं हे 'उफ्' नाही.
- सगळी खिदमत सुनेच्या माथी. आयतींमधला हुकूम मुलांना आहे, मुलगा आणि मुलगी दोघांना. सासूसासऱ्यांची सेवा सुनेनं केली तर ते तिचं भलेपण, तिचा सवाब. हनफी फिकहनुसार तो तिच्यावरचा कायदेशीर बोजा नाही. जुम्म्याला बयान ऐकून डोळे पुसणाऱ्या मुलानं संध्याकाळी अम्मीचे पाय स्वतः चेपावेत.
- दोघांपैकी एकाबद्दलच बोलणं. मुलींना बापाविषयी आणि मुलग्यांना आईविषयी, असं सगळं बोलणं एका बाजूला झुकतं. सूरह यूसुफमध्ये यूसुफ (अ.) आईवडील दोघांनाही तख्तावर बसवतात.

ऐकायचं कुठपर्यंत?

'अब्बू चुकले तर?' या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर सूरह लुकमानच्या १५व्या आयतीत आहे. आईवडिलांनी शिर्क करायला भाग पाडलं तर ऐकायचं नाही, तरीही दुनियेच्या व्यवहारात त्यांच्याशी चांगलंच वागायचं. न ऐकणं आणि वाईट वागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना लवकर कळलेलं बरं. हजरत अस्मा बिन्ते अबू बक्र यांची आई मुश्रिक असताना त्यांना भेटायला आली, तेव्हा प्रेषितांनी (स.) तिच्याशी नातं राखायलाच सांगितलं, असं बुखारीत आहे. ज्या घरांत आईवडिलांचा किंवा आजीआजोबांचा धर्म वेगळा आहे, त्यांना ही हदीस उपयोगी पडेल.

लग्नाबाबतही हद्द आहे. खन्सा बिन्ते खिदाम यांच्या वडिलांनी त्यांच्या मनाविरुद्ध निकाह लावला. त्या प्रेषितांकडे (स.) आल्या आणि तो निकाह रद्द झाला. हीही बुखारीतली हदीस. ती मिंबरावरून क्वचित ऐकू येते, म्हणून घरी सांगितलीच पाहिजे. मुलगी नको म्हणत असताना तिच्यापुढे आईवडिलांच्या हक्कांची आयत वाचणं हा त्या आयतीवरचा अन्याय आहे. भारतीय कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलीचं आणि २१ वर्षांखालच्या मुलाचं लग्न बालविवाह ठरतं.

घरात मारहाण किंवा छळ होत असेल, तर मुलासाठी १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे, फोन मोफत लागतो. हा नंबर मकतबाच्या भिंतीवर लावायला हरकत नाही. मुलांचं रक्षण आणि आईवडिलांचा मान यांत भांडण नाही.

आईवडील थकले आहेत आणि प्रश्न पैशांचा आहे

इथे बयान संपतं आणि कागदपत्रं सुरू होतात. सूरह बकराच्या २१५व्या आयतीत खर्च कुणावर करावा याच्या यादीत पहिलं नाव आईवडिलांचं आहे, तेव्हा हा विषय दीनबाहेरचा समजू नका. आखातात नोकरी करणाऱ्या मुलांच्या कोकणातल्या घरांत पैसे वेळेवर येतात, पण दवाखान्यात सोबत जायला कुणी नसतं. खिदमतीचं वाटप करताना हेही मोजा. पैसे पाठवणारा एक, सोबत करणारा दुसरा, आणि दोघांनी एकमेकांचा वाटा मान्य करायचा.

कायद्यात काय आहे:

- २००७ चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण कायदा सर्व धर्मीयांना लागू आहे. स्वतःच्या उत्पन्नावर निभाव लागत नसेल, तर आईवडील मुलाकडे, मुलीकडे, सज्ञान नातवंडांकडेही निर्वाहखर्च मागू शकतात. त्यासाठी आईवडील साठीचे असलेच पाहिजेत असं नाही.
- अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे करायचा. साधा अर्ज चालतो, वकील करावाच लागत नाही. नोटीस पोचल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो, फार तर ३० दिवस वाढतात. कमाल रक्कम महिन्याला १०,००० रुपये.
- ज्येष्ठ नागरिकाला वाऱ्यावर सोडून देणं हा याच कायद्यानं गुन्हा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.
- फौजदारी कायद्यानंही निर्वाहखर्च मागता येतो. लग्न झालेली मुलगीही आईवडिलांना पोसायला बांधील असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये स्पष्ट केलं.
- मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

आता 'आक' करण्याबद्दल. रागाच्या भरात वर्तमानपत्रात नोटीस देऊन किंवा स्टँपपेपरवर लिहून मुलाला वारसातून काढता येत नाही. मुस्लिम वारसा कायद्यात हिस्से ठरलेले आहेत, बापाच्या नोटिशीनं ते पुसले जात नाहीत. वसीयत एकतृतीयांशापर्यंतच करता येते, आणि सुन्नी कायद्यात एका वारसाच्या नावानं केलेली वसीयत बाकी वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही.

हयातीत हिबा, म्हणजे मालमत्तेची भेट, करता येतो, आणि खरी फसगत तिथेच होते. एखादा मुलगा गोड बोलतो, अम्मी घर त्याच्या नावावर करून देतात, ताबाही देतात, आणि वर्षभरात त्यांची खाट ओट्यावर येते. मुलाला ताबा देऊन पूर्ण केलेला हिबा परत घेणं हनफी कायद्यात जवळजवळ अशक्य असतं. २००७ च्या कायद्याचं कलम २३ म्हातारपणी सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मिळवून देऊ शकतं, पण त्यासाठी ती अट असायला हवी. तेव्हा:

- राहतं घर हयातीत एकाच मुलाच्या नावावर करू नका.
- करायचंच असेल तर सांभाळण्याची अट कागदावर कशी आणायची, हे मुस्लिम कायदा जाणणाऱ्या वकिलाला आधी विचारा. हिब्याचे नियम वेगळे आहेत.
- सही करण्यापूर्वी सगळ्या मुलांना, मुलींनाही, एकत्र बसवून सांगा. नौमान बिन बशीर यांच्या वडिलांनी एका मुलाला भेट देऊन प्रेषितांना (स.) साक्षीला बोलावलं, तेव्हा प्रेषितांनी (स.) साक्षी व्हायला नकार दिला आणि मुलांमध्ये न्याय करायला सांगितलं. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे.

ज्यांचे आईवडील हयात नाहीत

त्यांच्यासाठीही दार उघडं आहे. दुआ आणि मगफिरत मागणं, त्यांनी दिलेला शब्द पुरा करणं, त्यांच्या नातेवाइकांशी आणि मित्रांशी संबंध राखणं, असं सांगणारी रिवायत अबू दाऊदमध्ये आहे. अब्दुल्लाह बिन उमर यांनी वाटेत भेटलेल्या एका खेडुताला आपलं गाढव आणि डोक्याचा साफा देऊन टाकला, कारण त्या खेडुताचा बाप अब्दुल्लाह यांच्या वडिलांचा, म्हणजे हजरत उमर यांचा, मित्र होता. हे सहीह मुस्लिममध्ये आहे. मुलांना घेऊन आपल्या वडिलांच्या एखाद्या जुन्या दोस्ताकडे जाऊन या. त्यांनी दादांच्या गोष्टी सांगितल्या, तर त्या मुलांना कुठल्याही बयानापेक्षा जास्त दिवस लक्षात राहतील.

इमामसाहेबांना काय सांगाल

मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांशी या विषयावर बोलायला लोक कचरतात. बोला, अदबीनं आणि जुम्म्याच्या गर्दीत नव्हे, असरनंतर निवांत बसलेले असताना. एका वेळी एकच मागणी ठेवा. यातली जी तुमच्या मशिदीत जमेल ती:

- बयानाच्या शेवटी पाच मिनिटं मराठीत सारांश. मौलानांना मराठी येत नसेल तर गावातल्या एखाद्या शिक्षकानं तो द्यावा.
- सांगितलेली हदीस कोणत्या किताबातली, हे नाव घेऊन सांगणं.
- बायकांना ऐकू जाईल अशी सोय. स्वतंत्र खोली, नाहीतर निदान बयानाचं पूर्ण ध्वनिमुद्रण मोहल्ल्याच्या ग्रुपवर.
- आईवडिलांच्या हक्कांच्या पाठोपाठचा जुम्मा मुलांच्या हक्कांवर. अक्रा बिन हाबिस यांनी सांगितलं, की मला दहा मुलं, पण एकाचाही मी कधी मुका घेतला नाही; त्यावर प्रेषित (स.) म्हणाले, जो रहम करत नाही त्याच्यावर रहम होत नाही. बुखारीतली ही हदीस मुलं पुढच्या रांगांत बसलेली असताना सांगितली जावी.
- प्रांत कार्यालयाचा पत्ता, १४५६७ आणि १०९८ हे क्रमांक मशिदीच्या फलकावर, नमाजच्या वेळांशेजारी.